नागपुरात येणाऱ्या सर्वपक्षीय आमदारांना खुलं पत्र : चौदा-अकराचा डबा

मा. आमदार साहेब आणि आमदार ताई,
सप्रेम नमस्कार.

सिव्हिल लाइन्सला लागूनच माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमची लेटरहेडं मी चांगली ओळखतो, कोणाच्या कागदावर सोनेरी शाईचा बॉर्डर असतो आणि कोण दर दोन वर्षांनी चिन्ह बदलून नवीन पॅड छापून घेतो ते सगळं पाठ आहे. डिसेंबरात अधिवेशन लागलं की माझा सीझन. मोर्चेवाले येतात, निवेदनाच्या दोनशे-दोनशे कॉप्या काढतात आणि टेकडी रोडवर जाऊन बसतात, तुमचे पीए येतात, लक्षवेधीचे कागद काढून नेतात, उधारी ठेवून जातात (ती राहू द्या). १९५३ चा नागपूर करार झाला म्हणून वर्षातून एकदा तुम्ही इकडं येता, नाहीतर कोण येतं.

तर विषय असा आहे की पक्षाच्या नेत्यावर पक्षातलेच लोक अविश्वास आणतात, मतदान होतं, नेता त्यातून वाचतो, आणि मग पुढं काय होतं. तुम्ही म्हणाल हा आमच्याकडचा विषयच नाही. तेच तर बोलायचं आहे. आणि मला यात एवढा इंटरेस्ट काहून, तर मी स्वतः असा वाचलेला माणूस आहे. हसू नका, मी लेआउटच्या समितीचा अध्यक्ष होतो, देशाचा पंतप्रधान नव्हे, पण वाचल्यावर पोटात जे होतं ते दोघांच्याही सारखंच होत असावं असा माझा अंदाज आहे.

आधी जून २०२२ आठवा. आपल्या सगळ्यांना तो महिना गुवाहाटीमुळं लक्षात आहे, पण त्याच महिन्यात तिकडं लंडनमध्येही हेच चालू होतं आणि मी दुकानात बसल्या बसल्या दोन्ही बातम्या मोबाईलवर पाहून राहिलो होतो. लॉकडाऊनमध्ये पंतप्रधानांच्या घरी-ऑफिसात पार्ट्या झाल्या म्हणून बोरिस जॉन्सनवर त्यांचेच खासदार भडकलेले. त्यांच्या हुजूर पक्षात तेव्हा पद्धत अशी होती की नेत्यावर मतदान घ्यायला पंधरा टक्के खासदारांनी चिठ्ठी द्यायची, मंत्री नसलेल्या खासदारांची एक कमिटी असते, १९२२ कमिटी नावाची, तिच्या अध्यक्षाकडं. तेव्हा ग्रॅहम ब्रॅडी होते. पक्षाचे ३५९ खासदार, म्हणजे ५४ चिठ्ठ्या पाहिजेत. आणि मजा अशी की ५४ होईपर्यंत किती आल्या हे तो माणूस कोणालाच सांगत नाही. ५३ आलेल्या असल्या तरी नेता आपला निवांत चहा पिऊन राहिला असतो. काहींनी तर चिठ्ठीवर तारीख पुढची टाकून दिली होती, कारण राणीच्या सत्तर वर्षांचा सोहळा चालू होता, त्यात विघ्न नको. पोस्ट डेटेड चेकच म्हणा ना!

६ जूनला मतदान झालं. संध्याकाळी दोन तास, गुप्त, कोणी मतपत्रिकेचा फोटो काढून कोणाला दाखवू नये म्हणून मोबाईल बाहेर ठेवायला लावले. रात्री निकाल आला, २११ बाजूनं, १४८ विरुद्ध. बोरिस वाचले. हा निर्णायक निकाल आहे असं स्वतःच म्हणाले, आणि नियमाप्रमाणं आता वर्षभर कोणी पुन्हा अविश्वास आणू शकत नव्हतं. २३ जूनला दोन पोटनिवडणुका हरले, वेकफिल्ड आणि टिव्हर्टन. ५ जुलैला ऋषी सुनक आणि साजिद जाविद या दोन मंत्र्यांनी काही मिनिटांच्या अंतरानं राजीनामे दिले, मग तर लाइनच लागली, पन्नासच्या वर लोकांनी पदं सोडली, आणि ७ जुलैला बोरिस दारासमोर उभे राहून जातो म्हणाले. वर्षभराचं संरक्षण होतं, टिकलं एकतीस दिवस.

एकतीस दिवस म्हटल्यावर मला फार बरं वाटलं होतं, खरं सांगतो. कारण मी सात महिने टिकलो होतो.

माझी गोष्ट सांगतो, थोडी लाज वाटते पण सांगतो. आमचा लेआउट मानेवाड्याच्या पुढं बेसा साइडला. रोड, नाली, लाइट, उन्हाळ्यात टँकर, गणपती, कोजागिरी, सगळं बघायला एक नागरिक समिती, पंचवीस जणांची. मी सहा वर्षं अध्यक्ष. काम केलं नाही असं कोणी म्हणू शकत नाही, पण सहाव्या वर्षी गणपतीच्या मांडवाचं आणि लाइटिंगचं काम मी माझ्या साळ्याला दिलं. कोटेशन तीन मागवले होते, पण तिन्ही साळ्यानंच आणून दिले होते. आता हे मी आज लिहून राहिलो, तेव्हा मला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. विसर्जनानंतर हिशेबाच्या बैठकीत एकजण उठला आणि म्हणाला, भाऊ, आपण चिठ्ठ्या टाकू, तुम्ही राहायचं की नाही. मी तावातावात म्हटलं टाका.

खजिनदारानं पोराच्या वहीची पानं फाडली, पंचवीस तुकडे केले. आमच्या घरूनच डबा आणला, पाच किलोचा स्टीलचा, चिवड्याचा. "हो" लिहायचं म्हणजे मी राहायचं, "नाही" लिहायचं म्हणजे जायचं. पेन एकच, हिरव्या शाईचं, कारण दुसरं चालतच नव्हतं, आणि स्टेशनरीवाल्याच्या घरी पेन चालत नाही यावर सगळे हसले सुद्धा. चिठ्ठ्या पडल्या, मोजल्या, १४ हो, ११ नाही. चिवड्याच्या तेलाचे डाग होते दोन-तीन चिठ्ठ्यांवर. टाळ्या झाल्या, कोणीतरी संत्रा बर्फी आणली, मी भाषण केलं की आता मागचं विसरून कामाला लागू. मागचं विसरून! रात्री सगळे गेल्यावर मी डबा उघडून त्या चिठ्ठ्या पुन्हा काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो.

अकरा "नाही" एका बाजूला. एकेक चिठ्ठी बघत होतो, हे अक्षर कोणाचं. बायको म्हणाली झोपा आता, जिंकले ना. मी म्हटलं थांब. तर त्यात एका चिठ्ठीवर "नाही"ची शेवटची वेलांटी अशी लांब, वळणदार, शाळेच्या फळ्यावर काढतात तशी. ती वेलांटी मी हजार वेळा पाहिलेली. आमच्या बाजूचे रिटायर्ड गुरुजी. बारा वर्षं आम्ही संध्याकाळी कॅरम खेळत होतो, माझ्या पोराचं मराठी त्यांनी पक्कं केलं, फुकटात. आणि त्याच बैठकीत उठून माझ्या बाजूनं बोलले होते ते! सकाळी दारात भेटले, म्हणाले अभिनंदन भाऊ. मी हसलो, पण आतून जळून राहिलो होतो.

पुढचे महिने मी काय केलं तर हेच. गुरुजींकडं वाचनालयाचं काम होतं ते काढून दुसऱ्याला दिलं, मग हळूच समितीतूनही काढलं, कारण सांगितलं की वय झालं. कॅरम बंद. बाकीच्या दहांचा शोध चालूच. कोणी बैठकीला उशिरा आला की मला वाटायचं हा त्यातला, कोणी लवकर आला तर वाटायचं हा बघायला आला. आणि अकरांपेक्षा जास्त त्रास कोणी दिला माहीत आहे का? चौदांनी. चौदाचे चौदा येऊन सांगायला लागले की भाऊ, तुम्हाला आम्ही वाचवलं. एकाला घरासमोर लाइटचा खांब पाहिजे, एकाला टँकर आधी पाहिजे, एकाच्या भाच्याला कोजागिरीच्या दुधाचं काम पाहिजे. नाही म्हणायची सोय नाही, दोन माणसं तिकडं सरकली की मी गेलो. आधी मी पंचवीस लोकांचा अध्यक्ष होतो, आता चौदा लोकांचा कर्जदार झालो. आणि गंमत म्हणजे हळूहळू सोळा-सतरा जण भेटून सांगून गेले की आम्ही तुमच्याच बाजूनं टाकलं. सात महिन्यांनी उन्हाळ्याच्या टँकरवरून भांडण झालं, चौदातलेच पाच जण राजीनामा घेऊन आले, मी म्हटलं तुमचा ठेवा, माझाच घ्या.

म्हणून बोरिसच्या मागं ते २११ कसे उभे असतील ते मला चांगलं समजतं. त्यांच्या आधी थेरेसा मे यांचं तसंच झालं, १२ डिसेंबर २०१८ ला २०० विरुद्ध ११७ नं वाचल्या, पण वाचण्यासाठी आधीच सांगावं लागलं की पुढची निवडणूक मी लढवणार नाही. म्हणजे तुम्ही मला ठेवा, मी जाते, असं काहीतरी. महिनाभरानं त्यांचा ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायचा, करार पार्लमेंटात ४३२ विरुद्ध २०२ नं आपटला आणि मे महिन्यात त्यांनी राजीनामा जाहीर केला. मार्गारेट थॅचरचं तर विचारूच नका. नोव्हेंबर १९९० मध्ये २०४ विरुद्ध १५२, बाई जिंकल्याच होत्या, पण नियम होता की पंधरा टक्क्यांची आघाडी पाहिजे, ती चार मतांनी हुकली. लढणार म्हणाल्या, मग संध्याकाळी एकेका मंत्र्याला बोलावून विचारलं आणि सकाळी राजीनामा. अकरा वर्षं पंतप्रधान राहिलेली बाई, तिला पाडलं जिंकलेल्या मतदानानं. ऑस्ट्रेलियात पंतप्रधान माल्कम टर्नबुल ऑगस्ट २०१८ मध्ये मंगळवारी ४८-३५ नं वाचले आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी गेले. त्यांच्यापेक्षा तर मी कितीतरी बरा.

एक माणूस मात्र मला आवडतो, थॅचरनंतरचे पंतप्रधान जॉन मेजर. १९९५ मध्ये पक्षातले लोक रोज टोचून राहिले होते तर त्यांनी स्वतःच पक्षाच्या नेतेपदाचा राजीनामा दिला, म्हणाले या, लढा माझ्याशी. मतदान झालं, २१८ विरुद्ध ८९. आणि त्यांनी मनात एक आकडा आधीच ठरवून ठेवला होता, २१५. त्याच्या खाली आलो तर जिंकलो तरी जाईन. तीन मतांनी राहिले, पुढची दोन वर्षं काढली, १९९७ ला निवडणूक मोठ्या फरकानं हरले ती गोष्ट वेगळी. पण चिठ्ठ्या पडायच्या आधी स्वतःचा आकडा ठरवणं, हे मला सुचायला पाहिजे होतं. मला तेव्हा कोणी विचारलं असतं की किती मतं मिळाली तर राहशील, तर मी वीस म्हटलं असतं. चौदा मिळाली आणि राहिलो.

आता तुमच्याकडं येतो.

१० जून २०२२ ला राज्यसभेचं मतदान झालं. त्यात तुम्हाला मत दिल्यावर ते पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं, २००३ पासून तसा कायदाच आहे. दहाच दिवसांनी, २० जूनला विधान परिषदेचं मतदान, ते गुप्त. आणि त्या गुप्त पेटीतून काय निघालं? भाजपचा पाचवा उमेदवार निवडून आला, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतकडं निघाले. मी कोणाची बाजू घेऊन नाही राहिलो, माझ्या दुकानात सगळ्या झेंड्यांचे लोक येतात आणि मला धंदा करायचा आहे. मुद्दा एवढाच की नाराजी होती, ती सांगायला तुम्हाला पक्षात एकही पेटी नव्हती, म्हणून ती परिषदेच्या पेटीत पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक कार्यकर्ता निवेदनाचा गठ्ठा घेऊन उभा, पक्षाचं नाव छापलेलं, मला म्हणतो भाऊ थांबा जरा, आता हे नाव ठेवायचं की नाही ते साहेबांना विचारतो. तीन तास तो गठ्ठा काउंटरवर तसाच पडून होता.

लंडनमध्ये १४८ लोकांनी नेत्याविरुद्ध मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे त्याच पक्षात, त्याच बाकांवर येऊन बसले. आपल्याकडं तेवढंच म्हणायचं असलं तर विमान लागतं. आधी सुरत, मग गुवाहाटी, हॉटेल, बस, बाउन्सर, आणि घरच्यांनी फोन केला तर मागून कोण ऐकून राहिलं ते माहीत नाही. २९ जूनला उद्धव ठाकरेंनी फेसबुकवरून राजीनामा दिला, ४ जुलैला सभागृहात १६४ विरुद्ध ९९ झालं. म्हणजे मोजणी झाली, पण सरकारची झाली, नेत्याची नाही, आणि तीही सगळं फुटून गेल्यावर. मग निवडणूक आयोग, मग सुप्रीम कोर्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला, मे मध्ये कोर्ट म्हणालं की ठाकरेंनी बहुमत चाचणीला तोंड न देता राजीनामा दिला म्हणून त्यांना परत बसवता येत नाही. एका प्रश्नासाठी, की तुमच्या आमदारांना तुम्ही पाहिजेत की नाही. तो प्रश्न वहीच्या पानाच्या तुकड्यावर मावतो हो!

हे सगळं मुळात पक्षांतरबंदी कायद्यामुळं होतं असं वकील लोक सांगतात, आणि थोडंफार खरंही आहे. १९८५ चा कायदा, तेव्हा एक तृतीयांश फुटले तर चालायचं. आठवा, डिसेंबर १९९१, आपल्या नागपूरचंच अधिवेशन, छगन भुजबळांनी १८ आमदारांचं पत्र दिलं. १८ च का? कारण शिवसेनेचे ५२, त्याचा तिसरा हिस्सा १७ च्या वर जातो, म्हणून १८. पत्रातले काही मग परत फिरले. २००३ मध्ये ती एक तृतीयांशाची सूट काढली, आता दोन तृतीयांश आणि विलीनीकरण असं काय काय. पण सभागृहात व्हिप (पक्षाचा आदेश) मोडला तर आमदारकी जाते, पक्षाच्या आतल्या मतदानाला तर व्हिप लागत नाही ना? कोणता कायदा म्हणतो की पक्षाच्या बैठकीत डबा ठेवू नका? फक्त भीती ही आहे की तोंड उघडलं तर "यानं स्वतःहून पक्ष सोडला" असा अर्थ लावून अपात्रतेची नोटीस येईल. म्हणूनच तोंड नको, चिठ्ठी पाहिजे.

तुमच्यातले जुने लोक म्हणतील आमच्याकडं सर्वानुमते होतं. बरं. २ मे २०२३ ला शरद पवारांनी राष्ट्रवादीचं अध्यक्षपद सोडतो म्हणून जाहीर केलं, कार्यकर्ते रडले, ५ मे ला समितीनं राजीनामा नामंजूर केला, पवारांनी परत घेतला. विरुद्ध किती? शून्य. आणि २ जुलैला, बरोबर दोन महिन्यांनी, अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, ५ जुलैला मुंबईत दोन बैठका, यांच्याकडं किती आणि त्यांच्याकडं किती, चॅनेलवाले दारात उभे राहून गाड्या मोजून राहिले होते. मे महिन्यात डबा ठेवला असता तर खरा आकडा तेव्हाच दिसला असता. कदाचित पवार जिंकलेच असते, पण ज्यांचं मन नव्हतं ते किती हे तरी समजलं असतं. बोरिसला निदान १४८ दिसले होते.

आणि हे आपल्या मातीत नाही असंही म्हणू नका. १९३९ मध्ये सुभाषबाबू काँग्रेसच्या अध्यक्षपदाला उभे राहिले आणि १५८० विरुद्ध १३७७ नं जिंकले, विरुद्ध उभे होते पट्टाभी सीतारामय्या, गांधीजी म्हणाले पट्टाभींचा पराभव हा माझा पराभव, आणि त्रिपुरीच्या अधिवेशनानंतर एप्रिलमध्ये सुभाषबाबूंना राजीनामा द्यावा लागला. त्रिपुरी जबलपूरजवळ, म्हणजे तेव्हा आपल्याच मध्यप्रांतात, राजधानी नागपूर. त्याच्या आदल्या वर्षी तर नागपूरचेच डॉक्टर ना. भा. खरे, मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान (तेव्हा प्रांतालाही पंतप्रधान म्हणत), त्यांचं आणि रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र यांचं पटेना. खऱ्यांनी राजीनामा दिला, सहकाऱ्यांनी दिला नाही, गव्हर्नरनं त्यांना काढलं, खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ केलं, वर्ध्याहून काँग्रेसच्या वरिष्ठांनी डोळे वटारले, चार दिवसांत पुन्हा राजीनामा, आणि वर्ध्यालाच पक्षाच्या आमदारांनी शुक्लांना नेता निवडलं. माझे आजोबा महालातले, ते शेवटपर्यंत म्हणायचे खऱ्यांना वर्ध्यानं पाडलं. बरोबर की चूक ते जाऊ द्या, पण निदान आमदारांची बैठक झाली होती.

आणि अलीकडचं, ऑक्टोबर २०२२. काँग्रेसची अध्यक्षपदाची निवडणूक, शशी थरूर तर प्रचाराला सुरुवात करायला आपल्या दीक्षाभूमीवरच आले होते. मल्लिकार्जुन खरगेंना ७,८९७, थरूरांना १,०७२, बाद ४१६. तेव्हा दोन गोष्टी झाल्या, स्टेशनरीवाला म्हणून माझ्या लक्षात राहिल्या. एक, आधी मतपत्रिकेवर "१" लिहायला सांगितलं होतं, थरूरांकडून आक्षेप आला की खरगेंचं नाव पहिलं आहे तर लोकांना वाटेल एक नंबरलाच मत द्यायचं, मग टिक मार्क करायचं ठरलं. दोन, सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका मोजायच्या आधी एकत्र मिसळल्या, म्हणजे कोणत्या राज्यातून कोणाला किती पडली हे कोणालाच समजू नये.

ते वाचलं आणि मला माझा डबा आठवला. कारण गुरुजींची गोष्ट अर्धीच सांगितली.

मी पद सोडल्यावर पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला लेआउटमधल्या एक काकू आल्या होत्या, त्याही तेव्हा समितीत. वाण देता देता हसत हसत बायकोला म्हणाल्या, अजी, तेव्हा म्या तुमच्या साहेबांच्या विरोधात टाकलं होतं बरं का, राग नका मानू, मांडवाचं मला पटलं नव्हतं. मी आतून ऐकून राहिलो होतो. बाहेर आलो, म्हटलं काकू, तुमचं अक्षर तर मी पाहिलं नाही त्यात. तर म्हणाल्या, माझं कुठून असेल, माझा चष्मा घरी राहून गेला होता ना, मी गुरुजींकडून लिहून घेतलं.

म्हणजे ती वेलांटी गुरुजींची होती पण मत काकूंचं. गुरुजींनी स्वतः "हो" लिहिलं होतं. आणि मी त्यांना वाचनालयातून काढलं, समितीतून काढलं, कॅरम बंद केला, तरी त्या माणसानं एकदाही तोंड उघडलं नाही, की बाबा रे ते माझं मत नव्हतं. कारण सांगितलं असतं तर काकूंचं नाव सांगावं लागलं असतं. मी गेलो त्यांच्याकडं, माफी मागितली. म्हणाले, गुप्त मतदान होतं भाऊ. एवढंच. मग आत जाऊन बोर्ड काढला, पावडर टाकली, पण स्ट्रायकर सापडत नव्हता, एक वर्षात कुठं गेला कोणास ठाऊक, शेवटी बांगडीनं खेळलो.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या-तुमच्या पक्षाच्या घटनेत लिहून घ्या की इतक्या आमदारांनी चिठ्ठी दिली तर नेत्यावर मतदान होईल, चिठ्ठ्या घेणारा माणूस मंत्री नसेल आणि त्याच्या पोटात गोष्ट राहील असा असेल, वर्षातून एकदाच, आणि पडला म्हणून नेत्याला आणि विरुद्ध टाकलं म्हणून आमदाराला कोणी पक्षाबाहेर काढणार नाही. आकडा काय ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पंधरा टक्के कमी वाटत असतील तर पंचवीस ठेवा, मला त्यातलं समजत नाही. चिठ्ठ्या आल्याचं कळलं की नेत्यानं आपला आकडा एका कागदावर लिहून पाकिटात बंद करून ठेवावा, मेजरसारखा, ही माझी स्वतःची भर आहे.

फक्त हातानं काही लिहायला लावू नका. कृपा करून. राज्यसभेच्या मतदानात काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, २०१६ मध्ये हरियाणात भलत्याच पेनानं खूण केली म्हणून डझनभर मतं बाद झाली होती, तेव्हापासून आयोग स्वतः जांभळा स्केच पेन देतो. हातात पेन आला की अक्षर आलं, अक्षर आलं की रात्री कोणीतरी टेबलावर मांडून बसतो. रबरी शिक्का वापरा, फुलीचा. माझ्याकडं मिळतो, पॅडसकट, अधिवेशनात लागला तर फुकट देईन, सगळ्या पक्षांना एकेक. मोबाईल बाहेर. चष्मा विसरणाऱ्यांसाठी मतपत्रिकेवर नाव मोठ्या टाइपात छापा, छपाई मी करून देतो, त्याचे मात्र पैसे पडतील.

डिसेंबरात रविवारी तुमचं कामकाज नसतं, निम्मे लोक ताडोबाला जातात, निम्मे सावजी खायला. त्यातला एक तास काढा. आमदार निवासातल्या एखाद्या हॉलमध्ये होईल, माइक लागत नाही, भाषणं लागत नाहीत.

डब्याचं म्हणाल तर तोच देतो, पाच किलोचा, झाकण घट्ट बसतं. सध्या त्यात तुरीची डाळ आहे. बायको म्हणाली रिकामा करून देते, पण दोन दिवस आधी सांगायला लावा.

आपला,
सिव्हिल लाइन्सचा झेरॉक्सवाला
(माजी अध्यक्ष, १४ विरुद्ध ११)